छातीतली धडधड आणि 'टेन्शन' नावाचं निदान

(भंडारा जिल्ह्यातल्या बचत गटांच्या आणि आरोग्याचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

माझ्या नावासमोर 'आरोग्य' असं लिहिलंय, पण मी डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. बावीस वर्षं बचत गटांचं काम करते आहे, म्हणजे माझा हात वहीवर चालतो, नाडीवर नाही. तरीही आज मी माझ्या छातीविषयी बोलणार आहे. हसताय, हसा. छाती म्हटलं की आपला हात आधी पदराकडे जातो. मग त्या छातीच्या आत काय चाललंय हे सांगायची वेळ आली की आपल्याला तोंड उघडवत नाही. आपल्या भागात कोणी म्हणते 'जीव धकधक करते', कोणी म्हणते 'मले घाबरल्यावानी होते', लाखनीच्या एक मावशी म्हणाल्या, 'पाखरू कोंडल्यासारखं फडफडते.' शब्द पुष्कळ आहेत. दवाखान्याचा उंबरा ओलांडला की त्या सगळ्यांचा मिळून एकच शब्द होतो: टेन्शन.

माझी पहिली धडधड तुमसर-भंडारा एस.टी.त झाली. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची. जूनचा उकाडा, गाडीत उभं राहायलाही जागा नाही. मोहाडी सोडली आणि छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं. ठोके कानात ऐकू येऊ लागले, हाताला मुंग्या आल्या, घाम फुटला. वरठीला मी उतरले आणि चहाच्या टपरीच्या बाकावर बसले. मला वाटलं, संपलं. आणि मनात काय आलं सांगू? गटाचं पासबुक माझ्या पिशवीत आहे, ते आता कोणाच्या हाती पडेल! मरायची वेळ आली असं वाटतं तेव्हा बाईला असलेच विचार येतात.

वीस मिनिटांनी सगळं शांत झालं. घरी सांगितलं. नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. त्यानं नेलं हे मी त्याच्या बाजूनं मुद्दाम सांगते. तिथं डॉक्टरांनी पट्टी काढली, ती स्वच्छ निघाली. मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, 'यांना झोप लागते का?' नवरा म्हणाला, 'लागते.' 'घरात काही टेन्शन?' 'नाही जी, तसं काही नाही.' मी तिथंच, दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसले होते. चिठ्ठीवर झोपेची गोळी आली. पाळी कशी येते, किती दिवस जाते, जेवणात काय असतं, जिना चढताना दम लागतो का, यातलं काहीही कोणी विचारलं नाही. कोणी मनगटही धरलं नाही.

ती गोळी मी चौदा महिने घेतली. धडधड गेली नाही, फक्त तिच्यावर एक गोधडी पडली. आणि त्या चौदा महिन्यांत दुसरंच एक दुखणं मागून आलं. वरठीला उतरले होते म्हणून मला वरठी यायच्या आधीच धडधडायला लागलं. मग मी एस.टी. सोडली. मग मंगळवारच्या सभा सोडल्या, कारण सभेत झालं तर चारचौघींत काय शोभा! मग आठवडी बाजार. शेवटी घरात एकटी राहायची भीती वाटू लागली. धडधडीची जितकी भीती, तितकी धडधड जास्त. जितकी धडधड जास्त, तितकी भीती. बैल घाण्याला जुंपतात तसं.

सासूबाईंनी दृष्ट काढली, एका शेजारणीनं बाहेरचं काही असेल म्हणून एका बाबाचं नाव सुचवलं. तिथं मी गेले नाही. कार्यकर्तीची अब्रू आडवी आली एवढंच. मनातून जायची इच्छा झाली नव्हती असं मी म्हणणार नाही.

हे थांबलं ते एका नर्सबाईमुळे. उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस होता, मी भाचीच्या बाळाला घेऊन गेले होते. तिथं मला सुरू झालं. नर्सबाईंनी 'घाबरू नका' म्हटलं नाही. त्यांनी माझा हात ओढून घेतला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पूर्ण एक मिनिट एक अक्षर बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'एकशे अठरा. एका तालात आहेत.' चौदा महिन्यांत माझे ठोके पहिल्यांदा कोणीतरी मोजले होते. मला रडू आलं. त्यांनी खालची पापणी ओढून पाहिली, आत लाली नव्हतीच. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.६. पाळी दहा-दहा दिवस जाते हे मी तेव्हा पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. पुढे सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. पट्टी स्वच्छ होती हे खरंच होतं. माझ्या हृदयात काही बिघाड नव्हता, ते रक्त कमी असूनही अंग चालवत होतं.

हे मी आता बायकांना घागरीवरून सांगते. घागर फुटकी असेल, अर्धीच भरत असेल, आणि घरी पाणी तेवढंच लागत असेल, तर विहिरीवर दुप्पट खेपा कराव्या लागतात. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणारी घागर. ती अपुरी असली की हृदयाला खेपा वाढवाव्या लागतात. त्यालाच आपण धडधड म्हणतो. रोवणीच्या दिवसांत बांधीत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून उभी राहणारी बाई धुऱ्यावर येऊन छातीला हात लावते, तेव्हा 'उन्हानं झालं असेल' म्हणून तिला पाणी देऊ नका असं मी म्हणत नाही. पाणी द्याच, पण तिचं रक्तही तपासा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, गरोदरपणी ११ च्या वर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत तो आकडा ४८ होता. म्हणजे या सभागृहात डावी-उजवी करून बसलो तर एका बाजूच्या सगळ्यांच्या घागरी फुटक्या, वर दुसऱ्या बाजूच्याही काही जणींच्या. आणि 'टेन्शन' मात्र सगळ्यांना!

लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, पोट बिघडतं, म्हणून बायका ती फेकतात. काळं होणं म्हणजे बिघाड नाही. गोळी लिंबू-आवळ्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. जेवल्यावर लगेच कपभर चहा, ही आपली आवडती सवय, जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा की ज्यांना सिकलसेलचा आजार आहे त्यांनी लोह डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

सिकलसेलविषयी आपल्या पूर्व विदर्भात बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या विळ्यानं आपण धान कापतो, त्या विळ्यासारखी वाकडी होणारी लाल पेशी. १९१० साली शिकागोच्या हेरिक नावाच्या डॉक्टरनं तिचं वर्णन पहिल्यांदा छापलं, भारतात ती १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सापडली, आणि आपल्या गावांत ती त्याच्या कितीतरी आधीपासून असणार, फक्त तिला नाव नव्हतं. आजार असलेल्या मुलीचं रक्त कायम कमी असतं, सांधे दुखतात, धाप लागते, धडधडतं. लग्नानंतर हीच मुलगी 'कामचुकार' ठरते. मूल आजारी निघालं की दोष सुनेला. मैत्रिणींनो, हा आजार आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा येतो. दोघंही वाहक असतील तरच, प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता. सासूबाईंना हे सांगायचं आणि नवऱ्याचीही तपासणी करायला लावायची. सरकारनं १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू केली आहे, तपासणी मोफत आहे, मागून घ्या.

बाकीची कारणं मी भराभर सांगते. थायरॉइड जास्त चालत असेल तर धडधड, हात थरथरणं, खाऊनही वजन उतरणं. पाळी जायच्या वयात गरम वाफा आणि त्यांच्याबरोबर धडधड. तरुणपणीच पिशवीबरोबर अंडाशयंही काढून टाकलेल्या बायकांना हे एकदम आणि जोरात होतं. लहानपणी घसा आणि मग सांधे सुजलेले असतील तर हृदयाची झडप खराब झालेली असू शकते, आणि ते बऱ्याचदा पहिल्या बाळंतपणातच उघडकीला येतं. आणि तंबाखू. खर्रा पुरुषच खातात असं नाही, इथं कोण कोण खातं ते मी विचारत नाही. विडी वळणाऱ्या बायकांनो, तुम्ही एक झुरका न घेताही दिवसभर तंबाखू हाताळता, निकोटिन कातडीतून आत जातं आणि ठोके वाढवतं. काम झाल्यावर हात साबणानं धुवा, तसेच जेवायला बसू नका.

आता एक धडधड अशी असते की ती बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होते, ठोके दीडशेच्या पुढे जातात, आणि बटण बंद केल्यासारखी एकदम थांबते. यात हृदयातल्या विजेच्या तारांचा दोष असतो. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत, पट्टी स्वच्छ, बाई खोटी. १९९७ साली अमेरिकेत अशा १०७ रुग्णांचा अभ्यास छापून आला. डॉक्टरांनी सुरुवातीला 'घबराट, चिंता, ताण' असं निदान करण्याचं प्रमाण बायकांच्या बाबतीत ६५ टक्के होतं, पुरुषांच्या बाबतीत ३२. आजार एकच, हृदय तेच, पदराचाच काय तो फरक. म्हणून धडधड चालू असतानाच पट्टी काढून घ्यायचा आग्रह धरा. तेवढ्या वेळात जमलं नाही तर निदान ठोके मोजून, वेळ लिहून घेऊन जा.

हे काही आजचं नाही. डॉक्टरांच्या गळ्यात जी नळी असते ना, तिचा जन्मच बाईच्या छातीच्या संकोचातून झाला. १८१६ साली पॅरिसच्या लाएनेक नावाच्या डॉक्टरकडे हृदयाची तक्रार घेऊन एक तरुण बाई आली. तोपर्यंत छातीला कान लावून ऐकायची रीत होती. बाईच्या छातीला कान कसा लावायचा, म्हणून त्यानं कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि एक आपल्या कानाला. ठोके उलट जास्त स्पष्ट ऐकू आले! लाज दोघांनाही होती, पण त्यानं ऐकायचं टाळलं नाही. मला तो माणूस यासाठी आवडतो. पुढे १८७१ साली अमेरिकेच्या डा कोस्टा नावाच्या डॉक्टरनं यादवी युद्धातल्या सैनिकांवर लिहिलं. धडधड, धाप, छातीत दुखणं, आणि तपासलं तर हृदयात काही दोष नाही. या दुखण्याला लोक 'सैनिकाचं हृदय' म्हणू लागले. केवढं अदबीचं नाव! त्याच काळात बाईला हेच झालं तर तिला हिस्टेरिया म्हणत. सैनिक युद्धावरून आला आहे हे सगळ्यांना दिसत होतं. बाई कुठून आली आहे हे कोणी विचारलं नाही.

तर ती कुठून आली आहे ते आपण बघू. २०२२ साली लाखांदूरच्या जंगलपट्ट्यात वाघाची दहशत होती. मोहफुलं, सरपण, तेंदूपत्ता, सगळं जंगलात, आणि वाघही तिथंच. त्या बायकांची छाती धडधडत होती. त्याला कोणी आजार म्हटलं नाही, कारण वाघ खरा होता. समोर धोका दिसला की अंग पळायची तयारी करतं, हृदय वेगानं चालतं, हातापायांत रक्त जातं. ते बरोबरच काम करत असतं. पण संध्याकाळी आठ वाजता गल्लीच्या तोंडाशी नवऱ्याच्या मोटारसायकलचा आवाज आला की जिची छाती धडधडते, तिचा वाघ कोणाला दिसत नाही. तिला आपण विचारतो, 'तुला कायचं टेन्शन?' २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं, सुरेखाबाई आणि प्रियंका त्यांत होत्या. त्यानंतर या भागातल्या दलित वस्तीतल्या बाईला रात्री दाराची कडी वाजल्यावर काय होत असेल, ते कुठल्या पट्टीवर उमटणार?

आणि एक वाघ मी स्वतः पाळलेला आहे. हे सांगायला मला अवघड जातं, पण आज सांगायचंच असं ठरवून आले आहे. आपल्या गावांत कर्जाच्या कंपन्या आल्या, आठवड्याचा हप्ता, दहा जणींची एकमेकींना हमी. एकीनं भरला नाही तर बाकीच्या नऊ जणींना उठता येत नाही. आमच्या वस्तीत एक बाई होती. दोन हप्ते चुकले. आम्ही तिच्या दारात जाऊन बसलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा, मी पुढे होते. शिव्या दिल्या नाहीत, हात लावला नाही, फक्त बसलो, सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत. याला मी तेव्हा गटाची शिस्त म्हणत होते. ती आत-बाहेर करत होती आणि दर वेळी दाराच्या चौकटीला टेकून छातीवर हात दाबत होती. मी ते बघितलं. मला वाटलं, नाटक करते. शेवटी तिनं कानातलं काढून दिलं. पुढे मला स्वतःला वरठीच्या बाकावर बसावं लागलं तेव्हा माझाही हात अगदी तिथंच, तसाच गेला. मी नंतर तिच्याकडे गेले. ती म्हणाली, 'ताई, अजूनही मंगळवारी होते.' कंपनी गेली, कर्ज फिटलं, मंगळवार राहिला. मी माफी मागितली. तिनं चहा केला, माफीबद्दल काही बोलली नाही. तो तिचा हक्क आहे.

म्हणून 'शरीराचं की मनाचं' हा प्रश्नच मला आता पटत नाही. माझं रक्त गोळ्यांनी आणि उपचारानं अकरावर आलं, तरी वरठी जवळ आली की धडधड यायचीच. अंगाचं दुखणं बरं झालं होतं, भीती शिकलेली होती. ती शिकलेली भीती मी हळूहळू उतरवली. सुरुवातीला मैत्रिणीबरोबर एक थांबा गेले, आठ दिवस तेवढंच. मग मोहाडीपर्यंत. झालं तर उतरायचं नाही असं ठरवलं, कारण मध्येच उतरलं की भीतीची खात्री पटते. श्वास आत चार मोजून, बाहेर सहा-सात मोजून. घाबरलो की आपण भराभर श्वास घेतो, त्यानंच बोटांना मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या की वाटतं आता अर्धांग होणार. बाहेरचा श्वास लांबवला की मुंग्या जातात. पाय जमिनीवर घट्ट, आणि मनात एवढंच: ही धडधड आहे, ती दहा मिनिटांत चढते आणि उतरते, आजपर्यंत प्रत्येक वेळी उतरली आहे. दोन महिन्यांनी मी भंडाऱ्याला एकटी आले. झोपेची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं थोडी थोडी कमी केली. कोणी ती घेत असाल तर आज माझं ऐकून उद्या एकदम बंद करू नका, त्यानं धडधड उलट वाढते. ज्यांना बोलायला कोणीच नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा सरकारी फोन आहे, २०२२ पासून, मोफत. पण ज्या घरात वाघ आहे तिथं श्वास मोजायला सांगून परत येऊ नका. तिथं आधी वाघाचं काय ते बघायचं.

आणि हे ऐकून कोणी सगळ्याच धडधडीला भीती समजू नका. धडधडीबरोबर छातीत दाब किंवा कळ, बसल्या जागी धाप, चक्कर येऊन पडणं, बसलेलं असताना ठोके एकशे वीस-तीसच्या वर आणि थांबायचं नाव नाही, ताल चुकलेला, वेडावाकडा, बाई गरोदर, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं. यातलं एक जरी असेल तर १०८ ला फोन लावा, नवरा शेतावरून यायची वाट बघू नका. आणि डॉक्टरांपुढे 'कसंतरी होते' म्हणू नका. किती ठोके, किती वेळ, एकदम सुरू झालं की हळूहळू, आणि टेबलावर बोटांनी ताल वाजवून दाखवा. दंडारीत ढोलकी ऐकून वाढलेल्या बायका आपण, ताल आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता बोलणं पुरे. शेजारच्या बाईचा उजवा हात हातात घ्या, तळवा वर. अंगठ्याच्या खाली, मनगटाच्या कडेला तीन बोटं ठेवा. अंगठा नको, अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. जास्त दाबू नका. सापडत नसेल तर बोटं थोडी सरकवा. कार्यकर्त्यांनी वहीत नाव आणि आकडा लिहायचा, शंभरच्या वर असेल तर पुढे खूण करा, मागच्या टेबलावर रक्त तपासायची सोय आहे, त्यांचा नंबर आधी. घड्याळ माझ्याकडे आहे. सगळ्यांना सापडली? मागच्या रांगेत? बरं, गप्पा बंद. सुरू.